चार माणसांत बोलूनही ज्याला काही वाटत नाही, अशा लेकराला वाढवताना

चार माणसांत बोललं की पोरगं वरमतं आणि सुधारतं, या भरवशावर आपल्याकडचं बरंचसं पालकत्व चालतं. लग्नाच्या मांडवात, सप्ताहाच्या पंगतीत, भावकीच्या बैठकीत एक टोमणा टाकायचा, पोरानं मान खाली घालायची, विषय संपला. काही लेकरांवर मात्र हे चालतच नाही. बाप डोळे वटारून विचारतो, "लाज वाटत न्हाई का?" आणि पंधरा वर्षांचं पोरगं शांतपणे सांगतं, "न्हाई वाटत." बऱ्याचदा त्यात उद्धटपणा नसतो. विचारलं, म्हणून खरं ते सांगितलं.

आजी म्हणते कोडगं झालंय. शाळेतून 'निगरगट्ट' असा शेरा येतो. आईच्या मनात भीती बसते, की याला माणुसकीच नाही की काय. ही भीती बहुतेक वेळा चुकीची असते. क्वचित ती खरीही निघते, म्हणून आधी दोन्हींतला फरक पाहू आणि मग रोजच्या व्यवहाराचं बोलू.

ओशाळणं आणि वाईट वाटणं

लोकांनी पाहिलं म्हणून माणूस ओशाळतो. आपल्यामुळं कुणाला त्रास झाला, हे आत टोचतं तेव्हा त्याला अपराधी वाटतं. ओशाळायला बघणारं कुणीतरी लागतं. अपराधी मात्र रात्री एकट्यानं अंथरुणावर पडल्यावरही वाटतं. एकाच लेकरात पहिलं कमी आणि दुसरं भरपूर असू शकतं. उलटही असतं: सर्वांसमोर लाजून चूर होणारं पोरगं, कुणी बघत नसताना धाकट्या भावाला बिनदिक्कत छळतं.

हेलन ब्लॉक लुईस या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७१ मध्ये हा फरक नेमका मांडला. लाजेत सगळा रोख 'मी वाईट' यावर असतो, अपराधी भावनेत 'मी केलं ते वाईट' यावर. पुढे जून टँग्नी यांनी अनेक वर्षं यावर काम केलं, आणि त्यातून पुन्हा पुन्हा हेच दिसलं: 'मी वाईट' असं ज्यांना सहज वाटतं, ती माणसं जास्त चिडतात, लपवतात, दोष दुसऱ्यावर ढकलतात. 'मी केलं ते वाईट' असं वाटणारी माणसं दुरुस्तीला लागतात. पालकांना हवी असते दुरुस्ती. लाजवण्यानं हाती येतो तो बहुधा राग.

या वयात लाज मुळात जास्तच असते. आपल्याकडे सगळे बघतायत असं किशोरवयीन मुलांना सारखं वाटत राहतं, हे डेव्हिड एलकाइंड यांनी १९६७ मध्येच सांगितलं होतं. २०१३ मध्ये लीआ सॉमरव्हिल आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. आठ वर्षांच्या मुलांपासून विशीतल्या तरुणांपर्यंत सगळ्यांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवलं आणि इतकंच सांगितलं, की तुमच्या वयाचं कुणीतरी आता कॅमेऱ्यातून तुम्हाला बघतंय. करायचं काहीच नव्हतं. तेवढ्यावरही सर्वांत जास्त अवघडली ती किशोरवयीन मुलं. पण ही झाली सरासरी. तिच्या दोन्ही बाजूंना लेकरं असतातच, आणि जन्मापासूनच धीट, लोकांच्या नजरेनं न दबणारं लेकरू सोळाव्या वर्षीही तसंच राहू शकतं.

ओशाळण्याचा उपयोग काहीच नाही, असंही नाही. चुकल्यावर नजर खाली जाते, हसू ओठांत दाबलं जातं, हात चेहऱ्याकडे जातो. त्यावरून समोरच्याला कळतं, की याला नियम माहीत आहे आणि चुकल्याचंही कळलंय. मग तो लवकर माफ करतो. डॅकर केल्टनर आणि सहकाऱ्यांच्या १९९५ च्या अभ्यासात, मारामाऱ्या आणि आक्रमक वागणं जास्त असलेल्या मुलांच्या चेहऱ्यावर परीक्षेसारख्या प्रसंगात हे ओशाळणं इतरांपेक्षा कमी दिसलं. तेव्हा मास्तर किंवा पाहुणे कोऱ्या चेहऱ्याच्या पोराला वाईट समजतात, त्याला कारण असतं. फक्त कोऱ्या चेहऱ्याचं प्रत्येक पोरगं तसलं नसतं.

यातून पहिली कामाची गोष्ट निघते. ज्याचा चेहरा बोलत नाही, त्याला तोंडानं बोलायला शिकवा. दोनच वाक्यं: "माझं चुकलं. मी नीट करून देतो." घरात, सहज, लहानसहान चुकांवर सराव करून घ्या, पाणी सांडलं, दूध उतू गेलं, चार्जर हरवला. सवय झाली की मुख्याध्यापकांच्या खोलीत उभं असतानाही ते तोंडात येतं, आणि निम्मा गैरसमज तिथंच टळतो.

आपलं लेकरू यातलं कोणतं?

दोन आठवडे फक्त बघा, बोलू नका. आजी आजारी असताना त्याचा आवाज आपोआप खाली येतो का? कुणी पाहिलं नसताना केलेली चूक कधी स्वतःहून सांगतो का? वर्गात ज्याची टर उडवली जाते त्याच्या बाजूनं कधी उभा राहतो का? कुत्र्याला, वासराला, लहान लेकराला हात लावताना जपून लावतो का? यातल्या दोन-तीन प्रश्नांची उत्तरं 'हो' असतील, तर त्याच्या सद्सद्विवेकाला काही झालेलं नाही. लोकांच्या नजरेची पर्वा कमी आहे, इतकंच. मराठवाड्यातल्या गावात, जिथं निम्मं आयुष्य लोक काय म्हणतील यात जातं, तिथं हे वेगळं दिसणारच.

दुसऱ्या प्रकारचं लेकरू वाटतं तसं नसतं. लहानपणापासून त्याला इतकं बोललं गेलेलं असतं, की मनाला घट्टे पडलेत. ओळखायची खूण म्हणजे हे लेकरू आधी लाजायचं. आठवी-नववीपर्यंत रडायचं, चिडायचं, आता नुसतं हसतं. मोठ्या शहरात क्लासला ठेवलेल्या मुलांत हे खूप दिसतं. नीटच्या सराव परीक्षेत ७२० पैकी २१० आले, यादी ग्रुपवर पडली, आणि पोरगं मेसमध्ये खिदळत जेवतंय. बाप फोनवर ओरडतो, "ह्याला काही वाटतच न्हाई." वाटतं. इतकं वाटतं, की दाखवणं त्याला परवडत नाही. अशा पोराशी रविवारी भेटायला गेल्यावर रूममधल्या मुलांसमोर मार्कांचा विषय काढू नका. बाहेर चहाला घेऊन जा आणि पहिला अर्धा तास अभ्यासाचं नाव काढू नका. झोप किती होते, जेवण जातं का, हे विचारा. झोप उडालेली असेल, 'मी नसतो तर बरं झालं असतं' अशी भाषा आली, तर मार्क बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी मदत घ्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६ आहे, फोन फुकट आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येतं.

तिसऱ्या प्रकारच्या लेकराला समोरच्याचं अवघडणं दिसतच नाही. हे लहानपणापासून असतं. बोलताना फार जवळ जातं, सूचक बोललेलं कळत नाही, पाहुण्यांसमोर घरातली खासगी गोष्ट सरळ सांगून टाकतं. स्वमग्नता (ऑटिझम) किंवा अतिचंचलता (एडीएचडी) असलेल्या काही मुलांत असं दिसतं, पण एवढ्यावरून निदान करायचं नसतं. त्यांना डोळ्यांच्या खुणा करून काही उपयोग नाही, खूण त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. नियम थेट आणि नेमका सांगावा लागतो: "बाहेरच्या माणसांसमोर तीन गोष्टी बोलायच्या नाहीत. कर्ज, आजार आणि सोयरीक." 'जरा समजून वागत जा' हे त्यांच्यासाठी वाऱ्यावरचं बोलणं आहे.

आता ती खरी ठरू शकणारी भीती. दुसऱ्याला दुखवून काहीच न वाटणं, दुसऱ्याच्या भावनांची फिकीर नसणं, अभ्यास-कामात नापास झाल्याचंही काही नसणं, आणि भावना वरवरच्या किंवा कामापुरत्या दाखवणं: ही चार लक्षणं मानसोपचारतज्ज्ञ तपासतात. यातली किमान दोन, किमान बारा महिने, घर-शाळा-मित्र अशा एकापेक्षा जास्त ठिकाणी दिसत असतील, आणि सोबत चोरी, मारहाण, जनावरांना त्रास देणं असेल, तरच त्याला वजन देतात. एका लग्नातल्या वागण्यावरून कुणी हे ठरवू नये.

याहून तातडीची बाब अचानक बदलाची. कालपर्यंत लाजरं असलेलं लेकरू आठ-दहा दिवसांत एकदम बेधडक झालं, दोन-तीन तास झोपूनही दमत नाही, मोठमोठ्या बाता मारतं, पैसे उधळतं. किंवा मोटारसायकलवरून पडून डोक्याला मार लागल्यानंतर त्याचं तोंड सुटलं. किंवा नशेचा संशय आहे. हा स्वभाव नव्हे, डॉक्टरांचं काम आहे. छत्रपती संभाजीनगरची घाटी, नांदेड, लातूर आणि अंबाजोगाई इथल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत मानसोपचार विभाग आहेत. जाताना बदल कधी सुरू झाला ती तारीख, झोपेचे तास आणि सुरू असलेली औषधं एका कागदावर लिहून न्या.

बोलायचं कसं

समजा, चुलत बहिणीच्या साखरपुड्यात पोरानं काकांच्या अडखळत बोलण्याची नक्कल केली. मांडव हसला. काका न जेवता उठून गेले. बापानं तिथंच हात उगारला, पोरगं हसतच राहिलं.

तिथं काय चुकलं? एक तर बघणारे होते. मित्र आणि भावंडं बघत असताना न डगमगणं हेच या वयातलं बक्षीस असतं. गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांच्या २००५ च्या प्रयोगात गाडी चालवण्याच्या खेळात किशोरवयीनांनी एकटं असतानापेक्षा मित्रांसमोर जवळपास दुप्पट धोका पत्करला. दुसरं, प्रश्नच चुकला. 'लाज वाटत नाही का' याला 'नाही' हे पूर्ण आणि प्रामाणिक उत्तर आहे, आणि ते दिल्यावर बोलणं संपतं. काका बाजूलाच राहिले.

मांडवात एवढंच करा: जवळ जा, खांद्यावर हात ठेवा, हळू आवाजात "बास, चल माझ्यासंगं" म्हणा आणि त्याला काहीतरी काम देऊन तिथून हलवा. पुढचं बोलणं त्याच दिवशी रात्री किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी. चार दिवस गेले की प्रसंगच विसरला जातो. दोघंच असावेत, आणि समोरासमोर बसण्यापेक्षा शेजारी-शेजारी: शेताकडे चालत जाताना, तुरीच्या शेंगा सोलताना. पाच मिनिटांत आवरायचं.

"काल काका जेवले न्हाईत. का बरं?"

"मला काय माहीत. समदे हसायलते की."

"समदे हसायलते. काका हसायलते का?"

इथं गप्प बसा. हे गप्प बसणं सर्वांत अवघड आहे, आणि बहुतेक आईबाप इथंच भाषण सुरू करून सगळं घालवतात. पोराला उत्तर शोधायला अर्धं मिनिट लागतं. "न्हाई," असं आलं, की पुढचं वाक्य: "त्यांना शाळेपासून हा त्रास हाय. आता तू काय करणार, आणि कधी?" तो 'सॉरी म्हणतो' म्हणेल. कधी, हे ठरवून घ्या.

माफी चारचौघांत मागायला लावू नका. लोकांना न बुजणाऱ्या लेकरासाठी तो आणखी एक खेळ होतो. हात जोडून, नाटकी वाकून, पुन्हा सर्वांना हसवून येईल. काकांच्या घरी एकट्यानं जाऊन, त्यांच्या डोळ्यांत बघून दोन वाक्यं बोलणं त्याला खरंच जड जातं. बोलून झालं की काकांचं एखादं काम करून द्यावं; बियाण्याची पोती उतरवणं, मोबाईलवरचा पीकविम्याचा अर्ज भरणं. शब्द आणि काम दोन्ही झाले, की विषय बंद. पुढच्या लग्नात तो उकरून काढायचा नाही.

आणखी एक गोष्ट मोठ्यांनी तपासावी. तीच नक्कल गेल्या महिन्यात घरातल्या ओसरीवर केली, तेव्हा सगळे हसले होते का? घरी टाळ्या आणि मांडवात थप्पड असं असेल, तर पोरानं नियम मोडलेला नाही; त्याला नियम दिलाच गेला नव्हता.

दुसऱ्याची लाज त्याच्या मालकीची

स्वतःला लाज न वाटणाऱ्या लेकराची खरी अडचण हीच असते, की तो दुसऱ्यालाही स्वतःसारखंच समजतो. आजी परकर सावरत अंगणात बसलेली, त्याचं रील. धाकटी बहीण तोंड धुताना, त्याचं स्टेटस. "त्यात काय झालं, मला तर काही वाटलं नसतं." इथं त्याच्या धीटपणाशी भांडू नका. सरळ नियम करा: स्वतःचं काय दाखवायचं ते तू ठरव, दुसऱ्याचं दुसरा ठरवेल. फोटो-व्हिडिओ टाकण्याआधी विचारायचं, आणि 'बघू', 'नको रे बाबा', नुसतं हसणं, गप्प राहणं या सगळ्यांचा अर्थ नाही असाच.

समोरचा अवघडलाय हे ओळखायलाही शिकवता येतं. हसतोय, पण डोळे हसत नाहीत. नजर खाली किंवा बाजूला जाते. हात तोंडावर, मानेवर, पदराकडे जातो. उत्तरं एका शब्दाची होतात. यातल्या दोन गोष्टी दिसल्या की थांबायचं. टीव्हीवरची मालिका बघताना आवाज बंद करून "ह्यातलं कोण अवघडलंय?" असं विचारून पाहा, दहा-बारा वेळांत फरक दिसू लागतो.

नियम मोडला तर काय होणार, हे आधी सांगितलेलं असावं, छोटं असावं आणि चुकीशी जोडलेलं असावं. व्हिडिओ काढून टाकायचा, त्या माणसाला सांगायचं, आणि चार दिवस रील टाकणारं ॲप बंद. महिनाभर फोन काढून घेण्याच्या शिक्षा टिकत नाहीत. पाचव्या दिवशी क्लासच्या मेसेजसाठी आईबापच फोन परत देतात, आणि पोराला कळतं की यांचं बोलणं नुसतंच असतं. घरात असे नियम तीनच ठेवा. दहा ठेवले की एकही पाळला जात नाही.

गाडीच्या बाबतीत मात्र सवलत नको. अठराच्या आतलं पोरगं तिब्बल सीट गाडी घेऊन फिरतं, पोलिसानं अडवलं तरी हसतं, आणि बाप त्याला लाजवत बसतो. २०१९ मध्ये दुरुस्त झालेल्या मोटार वाहन कायद्यात अल्पवयीनानं गुन्हा केल्यास पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड आहे, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते, आणि त्या मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत शिकाऊ परवानाही मिळत नाही. इथं भाषण नको. किल्ली खिळ्यावरून काढून कपाटात कुलपात ठेवा.

मुलगी असेल तर

हेच वागणं मुलीनं केलं की गावाची भाषा बदलते. मोठ्यानं हसते, मास्तरांना उलट प्रश्न विचारते, मेडिकलवर जाऊन सॅनिटरी पॅड मोठ्यानं मागते. तक्रार घेऊन कुणी आलं, की मनातल्या मनात तिच्या जागी मुलगा ठेवून पाहा. तरीही तक्रार उरते का? नक्कल करून कुणाला दुखवलं असेल, तर उरते. मोठ्यानं हसण्याची उरत नाही, आणि ती तुम्ही तिच्यापर्यंत पोचवायचीही गरज नाही. मराठवाड्याच्या बऱ्याच भागांत अशा बोलण्याच्या भीतीनं मुलीची शाळा सुटते आणि अठराच्या आत लग्न उरकलं जातं, म्हणून हे ठामपणे सांगणं भाग आहे. असं लग्न ठरत असल्याचं कळलं तर १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनला कळवता येतं.

नातेवाइकांना उत्तर तयार ठेवा, कारण ते विचारणारच. "मामी, त्याच्याशी घरी बोलणं झालंय," इतकं पुरे. काय बोलणं झालं, हे सांगायचं नाही. पोरगं हे ऐकत असतं, आणि आईनं चव्हाट्यावर आपली बाजू राखली, हे त्याच्या लक्षात राहतं.

या धीटपणाला काम द्या

न लाजणाऱ्या लेकराला वर्गात 'सर, कळलं नाही' म्हणता येतं, आणि ते म्हणणं बाकीच्या बऱ्याच मुलांना जमत नसतं. बँकेत खात्याचं काम, तलाठ्याकडून सातबारा आणणं, दवाखान्यात आजीला नेमका काय त्रास होतो ते डॉक्टरांना सांगणं, गॅदरिंगमध्ये सूत्रसंचालन: ही कामं त्याला मुद्दाम द्या. काम देताना काय विचारून यायचं, ते तीन मुद्द्यांत लिहून द्या. धीट मुलं बोलतात भरपूर आणि विचारायचं ते विसरून येतात.

एक सांभाळा. घरात असं लेकरू असलं, की मोठ्यांना नको असलेली बोलणी हळूहळू त्याच्याकडे सरकतात. उसने पैसे परत माग, बांधाच्या भांडणात तूच जाऊन बोल, मामाला सांग की आम्ही येणार नाही. ही कामं मोठ्यांनी स्वतः करावीत. सोळा वर्षांच्या पोराला लोकांसमोर उभं राहायला भीती वाटत नाही, पण भावकीतलं वैर पेलायचं वय त्याचं अजून झालेलं नसतं.